रिले : थोड्या विजेच्या हाती मोठ्या विजेची किल्ली

स्मरणिकेत विजेच्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते वावगे ठरणार नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर. पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. परंतु आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले आज आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम करीत आहेत, काही पदविकेला आहेत. या मुलांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. स्टार्टरची आकृती त्यांना तोंडपाठ असते, कोणती तार कोणत्या टर्मिनलला जाते हे ती न अडखळता सांगतात. पण ती तार तिथेच का, असे विचारले की गप्प होतात. दोष मुलांचा नाही. पुस्तके बहुधा इंग्रजीत, शिकवणे घाईचे आणि परीक्षा आकृतीची. मात्र ज्याला ‘का’ ठाऊक नाही, त्याला दुसऱ्याने काढून दिलेली आकृतीच जन्मभर जोडत बसावे लागते. शिवाय विजेच्या कामात ‘का’ न समजता केलेली जोडणी कोणाच्या तरी जीवावर बेतते, हे पुढे आलेल्या उदाहरणांवरून दिसेलच.

हा ‘का’ शिकण्यासाठी रिलेइतके सोपे यंत्र दुसरे नाही. घरातल्या स्टॅबिलायझरमधून मधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो, तो रिलेचा. इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना जो आवाज होतो तोही रिलेचाच.

शब्दापासून सुरुवात करू. ‘रिले’ हा शब्द विजेचा नव्हे, घोड्यांचा आहे. लांबच्या प्रवासात ठराविक टप्प्यावर ताजे घोडे बांधून ठेवीत. दमलेला घोडा तिथे सोडायचा आणि नव्यावर बसून पुढे जायचे. आपल्याकडे जुन्या डाकेची व्यवस्था अशीच टप्प्याटप्प्याची होती. तारायंत्र निघाले तेव्हा विजेलाही हाच थकवा येऊ लागला. मैलोगणती लांब तारेतून जाता जाता प्रवाह इतका क्षीण होई की पलीकडचे यंत्र त्याने हलेना. अमेरिकेतील जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास यावर उपाय काढला. आलेल्या क्षीण प्रवाहाने जड यंत्र हलवायचेच नाही. त्याने फक्त एक हलकीशी पट्टी ओढायची, आणि त्या पट्टीने तिथल्या ताज्या बॅटरीचे सर्किट जोडायचे. पुढची मजल ती बॅटरी मारील. संदेश जुनाच, पण वाहून नेणारा घोडा नवा. सॅम्युअल मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तार १८४४ साली सुरू झाली आणि पुढे तारांचे जाळे पसरले, त्यामागे ही युक्ती होती. आपल्याकडे १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर आणि १८५४ साली आग्रा ते मुंबई अशा तारा पडल्या. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली, पण तारेने जन्माला घातलेला रिले मात्र घरोघर राहून गेला आहे.

आता त्याची रचना पाहू. नरम लोखंडाचा एक गाभा, त्यावर बारीक इनॅमल तारेचे शेकडो वेढे; यास कॉइल म्हणतात. गाभ्यासमोर थोडे अंतर ठेवून बिजागरीवर बसविलेली लोखंडी पट्टी, म्हणजे आर्मेचर. पट्टीला मागे ओढून धरणारी एक स्प्रिंग. आणि पट्टीबरोबर हलणारा व दोन स्थिर असे चांदीमिश्रित धातूचे ठिपके, म्हणजे कॉन्टॅक्ट. कॉइलमध्ये प्रवाह गेला की गाभा चुंबक होतो व पट्टी ओढली जाते. प्रवाह थांबला की चुंबकत्व जाते व स्प्रिंग पट्टीला परत नेते. गाभा नरम लोखंडाचाच का? पोलादाचा घेतला तर प्रवाह गेल्यावरही त्यात चुंबकत्व उरेल आणि पट्टी चिकटून बसेल.

कॉइल थंड असताना जो स्थिर ठिपका हलत्या ठिपक्याला टेकलेला असतो तो ‘नॉर्मली क्लोज्ड’ म्हणजे एनसी, आणि कॉइल ओढली गेल्यावर जो टेकतो तो ‘नॉर्मली ओपन’ म्हणजे एनओ. हलत्या ठिपक्याला ‘कॉमन’ म्हणतात. ‘नॉर्मल’ म्हणजे येथे ‘नेहमीचा’ नव्हे, ‘कॉइलमध्ये वीज नसतानाचा’. हा एक अर्थ पक्का केला की निम्मा घोटाळा मिटतो.

आकडे पाहिल्याशिवाय या यंत्राची ताकद लक्षात येत नाही. बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा छोटा रिले काडेपेटीपेक्षा लहान असतो. त्याच्या कॉइलचा रोध साधारण ४०० ओहम. म्हणजे प्रवाह ३० मिलिअँपिअर आणि शक्ती ०.३६ वॅट. त्याच्या कॉन्टॅक्टवर १० अँपिअर लिहिलेले असेल तर २३० व्होल्टवर तो २३०० वॅटचा हीटर चालू-बंद करतो. अर्धा वॅटसुद्धा न खाता सहा हजारपटींहून अधिक शक्तीला हुकूम देणारा हा कारकून आहे, असे आम्ही कौतुकाने म्हणतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कॉइलची वीज आणि कॉन्टॅक्टची वीज यांची कुठेही गाठ पडत नाही. पूर्वी बँकेत चेक दिला की पितळी टोकन मिळत असे. चेक आतल्या वाटेने अधिकाऱ्याकडे जाई, त्यावर सही होई, आणि पलीकडच्या पिंजऱ्यातील कॅशियर टोकन घेऊन रोकड देई. सही करणाऱ्याच्या हाताला नोट लागत नसे. सहीला शाई थेंबभर, तिने हलणारी रक्कम मात्र लाखाची. रिलेमध्ये दोन्ही बाजूंना जोडणारी गोष्ट फक्त चुंबकाची ओढ. मध्ये प्लॅस्टिक आणि हवा. म्हणूनच ओल्या जागेतील बटणापर्यंत १२ किंवा २४ व्होल्टची निरुपद्रवी तार नेता येते आणि धोक्याची २३० वा ४१५ व्होल्टची वीज पेटीतच राहते.

कॉइलचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. १२ व्होल्टचा रिले पूर्ण १२ व्होल्ट मिळेपर्यंत थांबत नाही. ९ व्होल्टच्या आतच ओढला जातो. पण व्होल्टेज हळूहळू कमी करत आणले तर तो ९ ला सोडत नाही, निम्म्याच्याही खाली गेल्यावर सोडतो. कारण पट्टी गाभ्याला टेकली की मधले अंतर नाहीसे होते आणि तेवढ्याच प्रवाहात ओढ कितीतरी वाढते. ओढून घेणे कठीण, धरून ठेवणे सोपे. हा दोष नाही, गुणच आहे. नाहीतर व्होल्टेज जरा हलले की रिले दात वाजवीत बसला असता.

दोष आहेत ते दुसरीकडे. कॉइलचा प्रवाह अचानक तोडला की कोसळणारे चुंबकत्व तिच्यात उलटा व्होल्टेजचा तडाखा निर्माण करते. १२ व्होल्टच्या कॉइलमधून शेकडो व्होल्ट उसळू शकतात. रिले ट्रान्झिस्टरने चालविला असेल तर तो ट्रान्झिस्टर यातच मरतो. त्यासाठी कॉइलवर उलट दिशेने एक डायोड टाकतात. दोन-तीन रुपयांची ही वस्तू न घातल्यामुळे कित्येक मुलांचे प्रकल्प पहिल्याच ‘टक्’ला बंद पडतात. दुसरा दोष ठिणगीचा. कॉन्टॅक्ट सुटताना मध्ये ठिणगी ताणली जाते. आपल्या घरची एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते, त्यामुळे ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसीला अशी संधीच नाही. म्हणून एकाच रिलेवर ‘१० अँपिअर २५० व्होल्ट एसी’ आणि ‘१० अँपिअर ३० व्होल्ट डीसी’ असे दोन आकडे छापलेले असतात. आता छपरांवर सौरपॅनेल आली आहेत, त्यांची डीसी वीज शेकडो व्होल्टची असू शकते. तिथे एसीचा आकडा वाचून साधा रिले बसविणारा वायरमन आगीला आमंत्रण देतो.

स्टार्टर आणि पाण्याची टाकी

पंपाच्या स्टार्टरवर हिरवे आणि लाल अशी दोन बटणे असतात. हिरवे दाबून बोट काढले तरी मोटार चालूच राहते, हे आपण इतक्या वेळा पाहिले आहे की त्यात नवल वाटत नाही. पण बटणाला तर स्प्रिंग आहे. बोट काढताच ते सुटते. मग मोटार कोण चालू ठेवते?

स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतो. कॉन्टॅक्टर म्हणजे मोठ्या ताकदीचा रिलेच. त्याला मोटारीच्या तीन फेजसाठी तीन मोठे कॉन्टॅक्ट असतात आणि शिवाय एक छोटा, जादा एनओ कॉन्टॅक्ट असतो. ही जादा जोडी हिरव्या बटणाच्या दोन टोकांना समांतर जोडतात. बटण दाबले की कॉइल ओढली जाते, कॉइल ओढली की जादा कॉन्टॅक्ट मिटतो, आणि तो मिटला की कॉइलला त्याच्यातूनच वीज मिळू लागते. आता बोट काढा. कॉइलने स्वतःलाच धरून ठेवले आहे. यास ‘होल्डिंग’ म्हणतात. लाल बटण एनसी असते व ते कॉइलच्या वाटेतच बसविलेले असते. ते दाबले की वाट तुटते, कॉइल सुटते, जादा कॉन्टॅक्ट उघडतो, आणि लाल बटण सोडले तरी वीज परत येत नाही. एका तारेच्या जोडणीने लोखंडाच्या तुकड्याला आठवण दिली. शेवटचे कोणते बटण दाबले ते त्याच्या लक्षात राहते.

याचा दुसरा लाभ जीवाचा आहे. मोटार चालू असताना वीज गेली तर कॉइल सुटते. वीज परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, कोणीतरी येऊन हिरवे बटण दाबावे लागते. गिरणीत, कडबाकुट्टीवर किंवा लेथवर वीज गेली असता माणूस साहजिकच अडकलेला माल काढायला हात घालतो. त्या क्षणी वीज आली तर? साध्या स्विचवर मोटार असेल तर हात गेला. स्टार्टरमागचा खरा ‘का’ हा आहे.

आमच्या खेड्यातील बांधवांना मात्र नेमके हेच गैरसोयीचे वाटते, आणि त्यांचेही चुकते असे म्हणवत नाही. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते. थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत विहिरीवर जाऊन बटण कोण दाबणार? म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला ‘ऑटो स्विच’ बसविला. वीज आली की थोड्या वेळाने तो स्वतःच हिरव्या बटणाचे काम करतो. परिणाम असा की फीडरवर वीज येताच सगळ्या शिवारातील मोटारी जवळजवळ एकाच वेळी उठतात. सुरू होताना मोटार तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहापट प्रवाह ओढते. पाच एचपीची मोटार चालताना सात-साडेसात अँपिअर घेत असेल तर उठताना चाळीसच्या पुढे जाते. अशा वीस मोटारी एका डीपीवर एकदम उठल्या की डीपी जळते, आणि मग आठ-पंधरा दिवस कोणालाच पाणी नाही. महावितरणने ऑटो स्विच काढून टाकण्याची आवाहने वारंवार केली आहेत. आमच्या मते याचा इलाज केवळ आवाहनात नाही. दिवसा वीज मिळाली तर ऑटो स्विच कोणी विकत घेणार नाही. तोवर निदान प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळ्या विलंबाचा टायमर रिले लावला, एक मोटार अर्ध्या मिनिटाने तर दुसरी दोन मिनिटांनी उठली, तरी डीपीवरचा भार वाटला जाईल.

स्टार्टरमध्ये आणखी एक रिले असतो, त्यात चुंबक नाही. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची चिकटविलेली पट्टी प्रवाहाने तापते व वाकते, आणि वाकून एनसी कॉन्टॅक्ट उघडते. हा ओव्हरलोड रिले. तापायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीच्या काही सेकंदांचा सहापट प्रवाह तो सोसतो, पण दहा मिनिटांचा दीडपट प्रवाह सोसत नाही. तीनपैकी एक फेज गेली की उरलेल्या दोघींवर भार येतो आणि मोटार जळते. तो ओळखणारा रिलेही वेगळा मिळतो. तो ‘त्रास देतो’ म्हणून तारेने शॉर्ट करून टाकणारे महाभाग आम्हांला ठाऊक आहेत. मोटारीच्या रिवायंडिंगचा खर्च काढला तर हे किती महागात पडते ते कळेल.

आता स्वयंचलित नियंत्रणाकडे येऊ. एव्हाना ते निम्मे झालेच आहे. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत दोन तरंगते स्विच सोडले. खालचा असा की पाणी त्याच्याखाली गेले की मिटतो. तो हिरव्या बटणाच्या जागी जोडला. वरचा असा की पाणी त्याला लागले की उघडतो. तो लाल बटणाच्या जागी. झाले. टाकी रिकामी होत आली की पंप आपोआप सुरू होतो, पाणी खालच्या स्विचच्या वर आले तरी होल्डिंगमुळे चालू राहतो आणि टाकी भरली की थांबतो. माणसाच्या बोटाच्या जागी पाण्याचे बोट आले, एवढाच फरक. एकच तरंगता स्विच ठेवला असता तर पाण्याच्या प्रत्येक लाटेबरोबर पंप चालू-बंद झाला असता. तळटाकी कोरडी असताना पंप फिरू नये म्हणून तिच्यात तिसरा स्विच सोडून तो कॉइलच्या वाटेत जोडतात. इस्त्री, फ्रिज, बॉयलर, अंडी उबविण्याची पेटी, सगळ्यांत हाच प्रकार. पाण्याच्या पातळीऐवजी उष्णता वा दाब मोजायचा.

आणि, किंवा, नाही

वर ‘वाटेत जोडणे’ आणि ‘समांतर जोडणे’ असे दोन शब्दप्रयोग आले. बँकेत खाते उघडलेल्या कोणालाही यांचा अर्थ ठाऊक आहे. नवरा-बायकोचे खाते ‘जॉइंटली’ असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. दोन कॉन्टॅक्ट एकामागे एक जोडले तर दोन्ही मिटल्याशिवाय प्रवाह जात नाही. खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर कोणाही एकाची सही चालते. समांतर जोडलेल्या कॉन्टॅक्टपैकी एक मिटला तरी पुरे. आणि खातेदाराने ‘स्टॉप पेमेंट’ दिले की ते असेपर्यंत पैसे निघत नाहीत. हा झाला एनसी कॉन्टॅक्ट. आणि, किंवा, नाही. जगातला कुठलाही ‘असे झाले तर तसे कर’ या स्वरूपाचा नियम एवढ्या तिघांत मांडता येतो.

जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ साली तर्काचे बीजगणित ग्रंथरूपाने मांडले होते, पण ते यंत्राला लावता येईल असे फारसे कोणाच्या ध्यानी नव्हते. १९३७ साली अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेत क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या एम.एस्सी.च्या प्रबंधात दाखवून दिले की रिलेची कोणतीही जोडणी म्हणजे बूलचे एक समीकरण आहे, आणि समीकरण सोपे केले की रिलेही कमी लागतात. बर्लिनमध्ये कोनराड झुसे याने १९४१ साली दोन हजारांहून अधिक रिले वापरून ‘झेड-३’ हा गणकयंत्राचा नमुना चालवून दाखविला. आज संगणकात रिले नाहीत, कोट्यवधी ट्रान्झिस्टर आहेत. पण ते जे करतात ते हेच. हार्वर्डच्या ‘मार्क-२’ या रिलेच्या गणकयंत्रात सप्टेंबर १९४७ मध्ये एक पतंग सापडला होता, रिले क्रमांक ७० च्या कॉन्टॅक्टमध्ये अडकून मेलेला. यंत्रातील बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत तेव्हाही जुनीच होती, म्हणून तिथल्या मंडळींनी तो खराखुरा कीटक चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आज संग्रहालयात आहे.

बिघडला तरी सुरक्षित बाजूला

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. प्रत्येक यंत्र कधी ना कधी बिघडतेच. बिघडेल तेव्हा ते कोणत्या बाजूला पडेल, हा प्रश्न आकृती काढतानाच विचारायला हवा.

बँकांतील धोक्याच्या घंटेचे पाहा. दरवाजा उघडला की सर्किट मिटेल आणि भोंगा वाजेल, अशी जोडणी सहज सुचते. पण मग चोराने आधी तार कापली तर भोंगा कधीच वाजणार नाही. म्हणून जोडणी उलट करतात. दरवाजा बंद असताना तारेतून सतत थोडा प्रवाह वाहतो व एक रिले ओढलेला राहतो. भोंगा त्याच्या एनसी कॉन्टॅक्टवर. दरवाजा उघडला, तार कापली किंवा टर्मिनल सैल झाले, काहीही झाले तरी रिले सुटतो आणि भोंगा वाजतो. कधी विनाकारणही वाजतो आणि मध्यरात्री शाखाधिकाऱ्याला धावत यावे लागते, पण ती किंमत योग्यच आहे.

रेल्वेने हे तत्त्व फार पूर्वी स्वीकारले. विल्यम रॉबिन्सन याने १८७२ साली अमेरिकेत पेटंट घेतलेले ‘ट्रॅक सर्किट’ असे आहे. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना विलग करायचा. एका टोकाला दोन रुळांना बॅटरी जोडायची, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ रिकामा असेल तर प्रवाह एका रुळाने जाऊन रिलेतून दुसऱ्या रुळाने परत येतो, रिले ओढलेला राहतो, आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिची लोखंडी चाके आणि आस दोन रुळांना मध्येच जोडतात. प्रवाह तिथूनच परत फिरतो, रिले उपाशी राहून सुटतो, सिग्नल लाल. रूळ तुटला, बॅटरी संपली, तार गेली तरीही लाल. मुंबईत पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले की ‘सिग्नलमध्ये बिघाड’ अशी घोषणा होते व आपण चडफडतो. पुष्कळदा साचलेल्या पाण्यातून प्रवाह गळून रिले सुटलेला असतो. शंका आली की थांबवायचे, असेच त्याला शिकविलेले आहे. आता पुष्कळ ठिकाणी गाडीचे आस मोजणारी यंत्रे आली आहेत, पण शंकेला लाल हा नियम तोच.

रेल्वेचे हे रिले बाजारातले नव्हेत. त्यांची पट्टी सोडविण्यासाठी केवळ स्प्रिंगवर भरवसा ठेवत नाहीत. पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडेल अशी बसवितात, कारण स्प्रिंग तुटू शकते पण गुरुत्वाकर्षण रजेवर जात नाही. अनेक रिलेंत एक ठिपका धातूचा तर दुसरा कार्बनचा असतो. धातूवर धातू ठिणगीने वितळून चिकटू शकतो. कार्बन चिकटत नाही. तेव्हा सिग्नल हिरव्यावर अडकून राहण्याचा धोका मुळातच काढून टाकला आहे.

एवढे सगळे असूनही २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल असताना लूप लाइनवर गेली व उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघाले ते सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या फेरफारातील चुकांचे. काही पूर्वीच्या फेरजोडणीतल्या, काही जवळच्या फाटकाचे काम चालू असतानाच्या. सांधा एका बाजूला होता आणि सिग्नल दुसरीच गोष्ट सांगत होता. रिले असो वा संगणक, त्याला तारेने जे सांगितले तेच तो पुढे सांगतो. तार योग्य टर्मिनलवर आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते माणसाने तपासायचे असते, आणि प्रत्येक फेरफारानंतर नव्याने तपासायचे असते. ‘कोणती तार कुठे’ एवढेच ठाऊक असलेला माणूस अशा ठिकाणी पुरा पडत नाही, असे आम्ही सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

वीजकेंद्रांतील संरक्षक रिलेंची गोष्टही अशीच. ते लाइनमधील प्रवाह व व्होल्टेज सतत मोजतात व दोष दिसताच सर्किट ब्रेकर पाडतात. पण दोष म्हणजे किती, हे माणूस ठरवून देतो. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाइनवर भार इतका वाढला की रिलेला तो भार नसून दोष वाटला. त्याने लाइन पाडली आणि पाठोपाठ उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच होऊन पूर्व व ईशान्य भागही गेले; साठ कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या प्रदेशाला झळ पोहोचली. पश्चिम विभाग बचावल्याने महाराष्ट्रात दिवे होते. रिले बिघडला नव्हता. त्याला जे ठरवून दिले होते त्याप्रमाणे तो वागला.

घरातल्या पेटीत बसणारा आरसीसीबी हा याच घराण्यातला. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांचा तो कॅशियरसारखा ताळा करतो. फरक निघाला म्हणजे मधली वीज कुठेतरी गळते आहे, कदाचित कोणाच्या अंगातून. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसेपर्यंत तो तोडून मोकळा होतो. फ्यूज हे काम करू शकत नाही. माणूस मरायला १०० मिलिअँपिअरही पुरतात आणि फ्यूज पाच अँपिअरपर्यंत स्वस्थ बसून राहतो. ज्यांच्या घरी आरसीसीबी नाही त्यांनी टीव्ही बदलण्याआधी तो बसवून घ्यावा, आणि त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

कारखान्यांत १९६९ नंतर रिलेंच्या भिंतीच्या भिंती जाऊन पीएलसी नावाचा छोटा संगणक आला. मोटारी बनविणाऱ्या जनरल मोटर्सला दरवर्षी नवे मॉडेल काढताना हजारो रिलेंच्या तारा उकलून पुन्हा जोडाव्या लागत, त्या त्रासातून तो जन्मला. गंमत अशी की पीएलसीचा प्रोग्राम आजही शिडीसारखी आकृती काढून लिहितात, आणि तिच्या पायऱ्यांवर एनओ, एनसी आणि कॉइल यांचीच चिन्हे असतात. रिले समजलेला मुलगा पीएलसी आठवड्यात शिकतो. न हलणारे, अर्धवाहकाचे सॉलिड स्टेट रिलेही आले आहेत. ते आवाज करीत नाहीत, झिजत नाहीत. पण १० अँपिअर वाहताना दहा-पंधरा वॅट उष्णता टाकतात, बंद असतानाही थोडी वीज गळू देतात आणि बिघडले की बहुधा चालू स्थितीतच अडकतात. वर सांगितलेला ‘कोणत्या बाजूला पडेल’ हा प्रश्न त्यांना विचारून पाहावा.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. १२ व्होल्टचा एक रिले, १२ व्होल्टची छोटी बॅटरी, एक दाबबटण आणि थोडी तार एवढे पुरे. प्रथम बॅटरीची एक तार कॉमन आणि एनसी मधून नेऊन कॉइलला जोडा. कॉइल ओढली की एनसी उघडतो, वीज तुटते, कॉइल सुटते, एनसी मिटतो, पुन्हा ओढली जाते. रिले करकरू लागेल. दारावरची जुनी घंटा अशीच वाजत असे. ‘मी चालू असेन तर मी बंद व्हावे’ असा हुकूम दिल्यावर यंत्राची जी अवस्था होते ती कानांनी ऐकू येते. आता तीच तार एनसीवरून काढून एनओवर लावा आणि बटण त्याला समांतर जोडा. बटण एकदा दाबा व सोडा. रिले एकच ‘टक्’ करील आणि ओढलेलाच राहील. फरक एका टर्मिनलचा आहे. हा प्रयोग बॅटरीवरच करावा. घरच्या बोर्डातील २३० व्होल्टची तार सरांच्या देखरेखीशिवाय रिलेच्या कोणत्याही टोकाला लावू नये.